पिवळ्या छत्रीमागे

हातातला फोन रस्ता दाखवू लागायच्या फार आधीची गोष्ट. जुन्या शहरात सहलीची मंडळी वाटाड्याच्या मागे चालायची आणि वाटाड्या पिवळी छत्री घेऊन पुढे. मावशीनं भाचीला बजावलं होतं, "छत्री सोडू नकोस, या गल्ल्यांत माणूस हरवतं."

तिनं छत्री सोडली नाही. फक्त छत्री दुसरीच होती.

"हा दरवाजा इतका बुटका का हो?"

छत्रीवाला थांबला. दरवाजा आजच बसवल्यासारखा त्याच्याकडे बघत राहिला. "शत्रूनं वाकून आत यावं म्हणून… असेल."

"असेल? नक्की माहीत नाही?"

"नाही. पण वाकलेल्याच्या डोक्यात हाणायला बरं पडतं."

तिला हसू फुटलं. पुढच्या चौकात दगडी विहीर होती, कठड्याला खोल चरे पडलेले. हे कशानं, तिनं विचारलं. तो चक्क गुडघे टेकून बसला, चऱ्यातून बोट फिरवलं. "दोरानं. शेकडो वर्षं पाणी ओढलंय इथं."

तिनंही शेजारच्या चऱ्यात बोट घातलं. दगड आतून गार होता… आणि त्याचा हात अगदी जवळ.

ती भानावर आली. "बाकीची मंडळी कुठायत?"

"कुठली मंडळी?"

"सहलीची. तुम्ही वाटाड्या ना?"

"मी दातांचा डॉक्टर. जेवायला घरी निघालो होतो."

"मग मघाशीच सांगायचं नाही का?"

"सांगणार होतो – पण तुमचे प्रश्न थांबेनात. जन्म गेला इथं, या कठड्याला हात आज लावला."

ती कानापर्यंत लाल झाली. तेवढ्यात मावशी धापा टाकत आली. "अगं, शोधून शोधून जीव मेटाकुटीला आला. चल, गाडी सुटतेय."

गाडी सुटली की संपलंच. या शहरात ना तिचं कुणी नात्याचं, ना परत यायला काही निमित्त. ती मावशीमागे निघाली.

"तटबंदी बघायची राहिली," तो मागून म्हणाला. "आपण परत कधी…?"

ती वळली. परक्याला आदरानं म्हणतात तेही आपण, आणि दोघांना मिळून म्हणतात तेही आपण. इतका वेळ तर हा सरळ 'तुम्ही' म्हणत होता.

"आपण म्हणजे? मी एकटी, की—"

डॉक्टर स्वतःच्याच पेशंटसारखा आ वासून उभा राहिला.

"दोघं," अखेर तो म्हणाला.

मावशीनं खोकल्याचं सोंग केलं.

"रविवारी," ती म्हणाली. "पण मी प्रश्न विचारणार."

"मला एकाचंही उत्तर येणार नाही."

"म्हणून तर."