सुट्टीतलं खोगीर

घोडे सुट्टीवर गेले की खोगीरकाकूंच्या पाठीला काम लागायचं. पावसाचे महिने रपेटीच्या शाळेला टाळं असे. घोडे दूर टेकाडावरच्या कोरड्या कुरणात, शिकाऊ मंडळी आपापल्या घरी, आणि मागं उरलेलं सगळं चामडं काकूंच्या गळ्यात. त्यांचं हे नाव शाळेतल्या पोरांनीच पाडलेलं. खरं तर काकू जन्मात कधी घोड्यावर बसल्या नव्हत्या आणि तशी हौसही नव्हती. "खालचा घोडा आणि वरचा स्वार तुम्ही सांभाळा, मधलं तेवढं मी बघते," असं त्या नवऱ्याला ऐकवत. नवरा म्हणजे शाळेचे मास्तर. माणूस सोन्यासारखा, पण जिभेला हाड नाही. थट्टा केल्याशिवाय त्यांना पाणीसुद्धा गोड लागत नसे.

तबेल्याच्या टोकाला सामानाची खोली होती. तिला एक दार आणि उंचावर एक जाळीची खिडकी, बास. लाकडी खुंटांवर ओळीनं खोगिरं आणि भिंतीवर लगाम. काकू एकेक खोगीर खाली घेत, पट्टे सुटे करत, ओल्या फडक्यानं घामाचा थर काढत, साबण लावत, सावलीत वाळवत. मग जुन्या बनियनच्या तुकड्यानं तेलाचा हात. चामड्याला तेल पाजायचं नाही, नुसतं दाखवायचं, हा त्यांचा हिशेब. उन्हात वाळवलं की ते तडकतं, प्लास्टिकमध्ये गुंडाळलं की बुरशी धरतं. चामडं म्हणजे रुसकं माणूस, असं त्या म्हणत.

शेवटचं काम रिकिबींचं, म्हणजे पाय अडकवायच्या कड्यांचं. स्वाराचा पाय जेवढा लांब, तेवढा रिकिबीचा पट्टा खाली सोडतात. लहान पोराला वरचं भोक, उंच माणसाला खालचं. पण महिनोन् महिने बक्कल एकाच भोकात राहिलं तर चामडं नेमकं तिथं चिरतं. म्हणून सुट्टीत सगळी बक्कलं अगदी वरच्या, कधीच न वापरल्या जाणाऱ्या भोकात. रिकिबी आखूड होऊन खोगिराच्या पोटाशी बसल्या की वरून सुती चादर घालायची, म्हणजे काकू मोकळ्या.

यंदाही सगळं असंच झालं. मग एके सकाळी बुरशी तपासायला म्हणून काकू आत गेल्या, तर खिडकीखालच्या तपकिरी खोगिराच्या चादरीखालून रिकिबी डोकावत होत्या. दोन्ही बाजूंची बक्कलं एक भोक खाली.

'राहिलं असेल माझ्याकडूनच,' म्हणून त्यांनी ती वर चढवली.

पुढच्या खेपेला ती आणखी खाली होती. काकूंनी पुन्हा वर घेतली. त्याच्या पुढच्या खेपेला त्याहून खाली. चादरीची घडी मात्र त्यांच्याच हातची, जशीच्या तशी. काकूंनी खोगीर उचलून पाहिलं. खालची लोकरी गादी ओलसर लागली. खिडकीतून पाणी आलं म्हणावं तर शेजारची सगळी खोगिरं कोरडी ठणठणीत. त्यांनी गादी नाकाशी नेली. घोड्याचा ताजा घाम होता.

घोडे तर टेकाडावर.

रात्री जेवताना त्यांनी मास्तरांना सांगितलं. मास्तर खदाखदा हसले. "अगं, कुणाचं तरी पोरगं वाढीला लागलंय! दर आठवड्याला पाय लांब होतोय त्याचा."

"थट्टा नको हो. मी स्वतः वर चढवते बक्कलं."

"चढवतेस की चढवीन म्हणतेस? आईच्या वळणावर चाललीस की काय?"

बोलून गेले आणि त्यांनी जीभ चावली. पण लागायचं ते लागलं. काकूंच्या आईचं सगळं असंच सुरू झालं होतं, याच वयात. आधी चुलीवरचं भांडं विसरणं, मग दाराची कडी लावली की नाही म्हणून दहादा उठणं. शेवटी एक दिवस स्वतःच्या लेकीला तिनं विचारलं, "बाई, आपण कोण?" काकूंना मरणाचं भय नव्हतं. त्यांना त्या प्रश्नाचं भय होतं.

त्या दिवसापासून त्यांचा स्वतःच्या हातांवरचा विश्वास उडाला. बक्कल चढवताना त्या मोठ्यानं बोलू लागल्या. "हे चढवलं, हे मीच चढवलं." दुसऱ्या दिवशी ते खालीच. मग वाटे, मोठ्यानं बोलले ते तरी खरं का? डोक्याचा नुसता भुगा झाला. मास्तरांना पुन्हा सांगायची तर सोयच नव्हती.

आणि एका दुपारी मास्तर आपणहून खोलीत आले. काकू त्या खोगिरापुढं स्टुलावर बसल्या होत्या, हातात फडकं, डोळ्यांत पाणी. मास्तर शेजारच्या पेटीवर टेकले आणि म्हणाले, "सांग."

काकूंनी सगळं सांगितलं, आईचंसुद्धा. मास्तरांनी मध्ये एकही चिमटा काढला नाही. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी काकूंचं बोलणं असं शेवटपर्यंत कधी ऐकलं नव्हतं. मग ते उठले. दोन्ही बक्कलं स्वतः वरच्या भोकात चढवली, त्यावर दोरा गुंडाळून घट्ट गाठ मारली. बाहेर येऊन कुलूप घातलं आणि किल्ली स्वतःच्या खिशात टाकली.

"तू वेडी नाहीस," ते म्हणाले. "उद्या ये, बघू."

आणि कुरणाच्या वाटेनं चालू लागले. घोड्यांकडे गेले की मुक्काम ठरलेलाच, म्हणून काकूंनी विचारलंही नाही. किती दिवसांनी त्यांना सुखाची झोप लागली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मास्तर आले ते गुडघ्यापर्यंत चिखलानं माखून. काकू अंगणातच वाट बघत होत्या.

"चला लवकर. किल्ली काढा."

"कसली किल्ली?"

"सामानाच्या खोलीची. काल तुम्हीच खिशात टाकलीत ना!"

मास्तर हसायला लागले, पण काकूंचा चेहरा बघून थांबले. "अगं, मी काल पहाटेच गेलो कुरणात. करड्या घोडीचा पाय सुजलाय. तू झोपली होतीस, म्हणून उठवलं नाही. मी येतोय तो आत्ता."

"काल दुपारी तुम्ही इथं होतात. माझ्याशेजारी बसलात."

मास्तरांनी काकूंचा हात हातात घेतला, अगदी अलगद. त्यांना एकही विनोद सुचला नाही. "उद्या आपण डॉक्टरांकडे जाऊ हं," ते म्हणाले. "घाबरायचं काही नाही."

म्हणजे संपलं. आता एक दिवस त्याही या माणसाला विचारणार, आपण कोण?

"एकदा कुलूप तरी बघा," त्या कशाबशा म्हणाल्या.

दोघं तबेल्याच्या टोकाला गेले. दाराला कुलूप होतं. किल्ली दाराशेजारच्या नेहमीच्या खिळ्यावर नव्हती. काकूंच्या खिशात नव्हती. मास्तरांनी, बायकोचं समाधान म्हणून, आपलेही खिसे उलटे करून दाखवले.

"हरवली असेल. तोडतो मी कुलूप," असं म्हणून त्यांनी ते हातात धरून हिसडलं.

"आलीस का?" आतून कुणीतरी म्हणालं. आवाजात घाई नव्हती, माया होती. "ये, बघ. मी म्हटलं होतं ना, तू वेडी नाहीस."

मास्तरांच्या हातून कुलूप सुटलं आणि दारावर आपटलं.



"आत कोण आहे?" मास्तर पुटपुटले. तोंड पांढरंफटक पडलं होतं. "अगं, हा तर... हा माझा आवाज आहे."

काकू त्यांच्याकडे बघत राहिल्या. "तुम्हाला ऐकू आलं?"

"आलं."

"नक्की? माझी शपथ?"

"तुझी शपथ. चल इथून. चल म्हणतो ना!"

मास्तर त्यांचा दंड धरून ओढत होते. पण काकूंचे डोळे आनंदानं भरून आले होते. छातीवरचा धोंडा कुणीतरी उचलून बाजूला ठेवला होता. त्यांनी मास्तरांचा हात हळूच सोडवला, दाराकडे वळल्या आणि आतल्याला घरच्या माणसासारखी ओ दिली.

"आले हो."