चार वेळा बुडालेला नावाडी

चौथ्या खेळाचा आलेख पाहून मृण्मयी केसरकरने कपाळावर हात मारला. नावाडी पुन्हा बुडाला होता!

मिरजेच्या प्रेक्षक-प्रयोगशाळेत सहा वर्षं खपून तिने नावाड्याचा हा ‘स्पंदनपट’, म्हणजे नाडीवर चालणारा सिनेमा, बनवला होता. प्रत्येक खुर्चीतला नाडीवाचक प्रेक्षकाची नाडी टिपायचा आणि त्यावरून यंत्र पुढचं दृश्य निवडायचं.

“सभागृह धास्तावलं तर नावाडी बुडतो, उमेद धरली तर वाचतो. दोन्ही दृश्यं तयार आहेत,” तिने डॉ. मुजावरांना सांगितलं. ते तिचा प्रबंध तपासायला आले होते.

“आणि तुमचा दावा?”

“प्रत्येक प्रेक्षकवर्ग आपापला सिनेमा घडवतो, सर.”

“मग चार वेगळ्या प्रेक्षकवर्गांनी एकच सिनेमा कसा घडवला, बाई?” सर हसले, पण सही काही केली नाही. “पाचवा खेळ मी स्वतः बसून बघतो. मग ठरवू.”

झालं! आता सगळं या एका खेळावर आलं.

दुपारी बचत गटांच्या पाचव्या तुकडीतल्या पन्नास बायका आल्या. मृण्मयी मागे सरांच्या खुर्चीशेजारी उभी राहून पडद्यावर नव्हे, नाड्यांच्या रेघांवर डोळे लावून होती. आणि तिला दिसलं, की नाड्या दृश्याच्या आधीच उसळताहेत! तिसऱ्या रांगेतल्या एक बाई सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगत होत्या, “आता सासू येती बघा.”

मृण्मयी वाकून तिथे गेली. “मावशी, तुम्हाला कसं कळलं?”

“अगं, पाचव्यांदा बघतीया न्हवं!” इंदुमावशी म्हणाल्या. “पारूला ताप, शेवंताकडं पाव्हणं. दर खेळाला कुणीतरी गळतंयच. गटांची माणसं कमी पडाय नकोत म्हणून त्यांच्या नावावर मीच येती.”

मृण्मयीने यादीत नावांवर खुणा केल्या होत्या, तोंडं कुठे बघितली होती? पहिल्या खेळाला सभागृह आपणहून घाबरलं होतं. पुढच्या तीन खेळांना मावशींनी ‘आता बुडतोय’ म्हणून त्याला आधीच घाबरवलं होतं. तिला रडूच आलं. तिने परत येऊन सरांना सगळं सांगून टाकलं.

“काढा त्यांना बाहेर,” सर म्हणाले.

पण तोवर पडद्यावर पूर आला होता. इंदुमावशी पदराने डोळे पुसत खुर्चीतच सरसावल्या. “चार डाव रडले बाई मी. आता बास! आज बुडत न्हाई त्यो. फांदी घावतीया बघा त्याला, घावतीया!”

पडद्यावर नुसतं पाणी होतं. बायकांनी श्वास धरला, नाड्या एकदम उमेदीने उसळल्या, आणि वरून एक फांदी वाहत आली. नावाड्याने ती घट्ट धरली!

टाळ्या, शिट्ट्या, नुसता कल्ला.

“अगं बया!” इंदुमावशी मटकन मागे टेकल्या. “ह्ये तर मीबी पहिल्यांदाच बघतीया!”

सर गंभीरपणे म्हणाले, “दावा चुकलाय. सिनेमा प्रेक्षकवर्ग घडवत नाही, त्यात बसलेली एक सांगणारी घडवते. आणि हे जास्त मोलाचं आहे. मात्र सगळं माहीत असलेल्या माणसावर त्या सांगण्याचा परिणाम होणार नाही, एवढं लिहा.”

मृण्मयीने आलेख त्यांच्यापुढे धरला. मावशी ‘घावतीया’ म्हणाल्या त्या क्षणी सगळ्याच्या सगळ्या एक्कावन्न रेघा उसळल्या होत्या. सगळ्यात उंच रेघ सरांच्या खुर्चीची होती.

सरांनी खिशातून पेन काढलं आणि सही केली.