जयदीपनं खिशातून आणलेलं काडतूस

"मिसफायर होतं, आई. फुस्स. वाजलंच नाही, मग घरात ठेवलं तर काय बिघडलं?"

"तुझं डोकं बिघडलं," मी म्हणाले. "आणि सिद्धांत आज रिसेप्शनला जाणार नाही. विषय संपला."

विषय कुठला संपतोय. जयदीप माझा मुलगा, दिल्लीच्या मंत्रालयात मोठा साहेब; आईचं ऐकणं त्याच्या सेवानियमांत बसत नाही. काल संध्याकाळी आमच्या गाझियाबादच्या गल्लीत चौधरींच्या मुलाची वरात निघाली. इकडे वरातीत हवेत बार काढायची खोड आहे. चौधरींनी रायफल याच्या हातात दिली, "लो भाईसाहब, एक आप भी," आणि या शहाण्यानं घेतली. चाप ओढला. टिच्. बार उडाला नाही. अशा वेळी नळी आभाळाकडे धरून गप्प थांबायचं असतं, कारण ठिणगी कधीकधी दारूपर्यंत उशिरा पोचते. यानं नळी खाली घेतली, काय झालं ते बघायला. समोर याचाच मुलगा, माझा नातू सिद्धांत, नाचत होता.

"तो ठीक आहे, यार आई. आत झोपलाय."

झोपलाय खरा, सकाळपासून. कालचा मरून स्वेटर अंगात, वर रजई, आणि कपाळ फरशीसारखं गार.

मी चौथी पास. नवऱ्याच्या जागेवर दारूगोळ्याच्या कारखान्यात लागले. तपासणीच्या टेबलावर मला कोणी काही शिकवलं नाही, मी ते हिसकावून घेतलं. दुपार होती, पण धुरक्यानं खिडकीत मळका उजेड येत होता. जयदीपनं खिशातून काढून ठेवलेलं काडतूस मी उचललं. बुडाच्या टोपीवर ठोक्याचा खड्डा, तो असायचाच. कानाशी हलवलं. आत दारूची सळसळ नाही. मग वास आला... जळक्या दारूचा. कालचा नाही, आत्ताचा.

"येतोय का रे वास?"

"फटाके असतील..." त्याचा आवाज उतरला.

बार उडतो तेव्हा काडतुसाचं पितळ फुगून नळीला चिकटतं, धूर मागे येऊ देत नाही. नंतर आवळतं, पण पहिल्याइतकं कधीच नाही. हे पितळ फुगलेलं होतं. तोंडाशी काजळी होती. आणि त्या तोंडात गोळी घट्ट बसलेली. मी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. गोळीच्या अंगावर तिरक्या खाचा होत्या. नळीच्या आत पीळ असतो, त्यातून गेल्याशिवाय त्या पडत नाहीत. टोक चेपलेलं. टोकाला मरून लोकरीचा धागा.

"आई... ही बाहेर गेली होती?"

"गेली. आणि परत येऊन बसली."

माझ्या मुठीत पितळ गरम होत चाललं होतं.

आत पलंग करकरला. "बाबा, निघायचं ना?" सिद्धांतचा आवाज, नेहमीसारखाच.

जयदीपला तेवढंच हवं होतं. "ऐकलंस? बिल्कुल ठणठणीत आहे तो. मी त्याला घेऊन चाललोय. सगळी गल्ली तिथे उभी होती, विचार कोणालाही. बाराचा आवाज कोणीही ऐकलेला नाही."

मी दाराला पाठ लावून उभी राहिले. मूठ त्याच्यापुढे उघडून हळूच म्हणाले, "गोळी आवाजाच्या पुढे पळते, जयदीप... ती त्याला लागलीय, आवाज तेवढा अजून यायचाय."