मी अजून काही बोलले नाहीये

त्या माणसाने चहाचा पेला उचलला आणि सरळ गटागटा संपवला!

आमच्या सोलो शहरात असं कुणी करत नाही. अख्ख्या जावा बेटावर नाही. यजमानाने ‘घ्या, घ्या ना’ म्हणून आग्रह केल्याशिवाय पाहुणा पेल्याला हात लावत नाही, आणि उठताना तळाशी थोडा चहा ठेवूनच उठतो. हा मात्र ओठ पुसत म्हणाला, “झकास! अजून आहे का?”

मी बाटिकच्या कापडावर मेणाची रेघ ओढत होते. हसू दाबायला गेले आणि रेघ गेली वाकडी.

“रागावलात?”

“नाही हो.”

“मग भुवया का चढल्यात?”

“मेणाचा धूर जातोय डोळ्यांत.”

“हसताय की चिडलाय, काही कळत नाही बुवा! आमच्या सुमात्रात माणूस चिडला की गल्लीभर ऐकू जातं. सोयीचं पडतं.”

हा तिगोर. दर गुरुवारी ट्रकमधून पांढऱ्या कापडाचे तागे घेऊन आमच्या कारखान्यात यायचा आणि मला काहीबाही विचारत बसायचा. दमलीस का? हा तपकिरी रंग तुला खरंच आवडतो, की आईला आवडतो म्हणून? मला असं कधी कुणी विचारलंच नव्हतं. आमच्याकडे विचारणं म्हणजे गावंढळपणा. समोरच्याचं मन न विचारता ओळखायचं! आणि त्यात माझ्या आईचा हात धरणारं कुणी नाही, असं सगळी गल्ली म्हणायची.

हळूहळू मी काम करताना गुणगुणायला लागले. आईने लगेच ओळखलं – पोरगी खुशीत आहे. तेवढं बरोबर होतं. पण नेमकं तेव्हाच एका कापड व्यापाऱ्याच्या मुलाचं स्थळ सांगून आलं होतं. आईने दोन्हींची गाठ मारली आणि मोकळी झाली. पाहुण्यांना येत्या रविवारचं बोलावणंही गेलं.

त्या गुरुवारी मी तिगोरच्या चहात मूठभर साखर ओतली. आता तरी माझं मन कळू दे मेल्याला!

त्याने घोट घेतला. “वेनिंग, साखर स्वस्त झाली का गं?”

“शी! तुला काहीच कसं कळत नाही रे?”

“नाही कळत. म्हणून तर विचारतो. काय झालंय?”

“रविवारी मला मागणी घालायला येतायत.”

त्याने पेला खाली ठेवला. “तुला हवंय?”

“तूच ओळख ना!”

“नाही ओळखणार. तुझं मन परस्पर ठरवणारी माणसं तुझ्या घरात कमी आहेत का? त्यात मी आणखी कशाला?” मग म्हणाला, “माझं मी सांगतो. मला तू आवडतेस... फार आवडतेस. रविवारी फाटकाबाहेर थांबेन. तू त्यांना हो म्हणालीस, तर निमूट गाडी वळवीन.”

रविवारी बैठक भरली. थोरल्या काकांनी गोड आवाजात विचारलं, “बाळ, तुझी काही हरकत नाही ना?”

यावर मुलीने मान घालून गप्प बसायचं असतं. गप्प म्हणजे होकार. माझीही मान सवयीने खाली गेलीच.

“वा, वा!” काका म्हणाले. आई डोळे टिपायला लागली. मुलाकडच्या बाईंनी दागिन्यांचा विषयसुद्धा काढला.

माझं डोकंच फिरलं. तोंडातून शब्द नाही आणि माझं लग्न ठरलंही!

“थांबा,” मी म्हणाले. “मी अजून काही बोलले नाहीये.”

“अगं, कळलं आम्हाला...”

“नाही कळलं, काका. माझा नकार आहे. मुलगा चांगलाच असेल. पण मला दुसरा आवडतो.”

“वेनिंग!” आई पांढरीफटक पडली. “अगं, तू गुणगुणत होतीस...”

“होते. त्याच्यासाठी! मला विचारायचं होतंस ना गं आई!”

पाहुणे हसतमुखाने उठले. आमच्याकडे अपमानसुद्धा हसतच गिळतात. काकांनी माझ्याकडे पाठ फिरवली. फिरवू देत. मी तरातरा फाटकाबाहेर गेले. तिगोर ट्रकला टेकून उभा होता, चेहरा पार उतरलेला.

“मला तू हवायस,” मी म्हणाले. गल्लीभर ऐकू गेलं. “ओळखत बसू नकोस, मी सांगतेय!”

एवढा बडबड्या माणूस – मुका झाला.

“अरे, बोल की! गप्प बसणं मी होकार नाही धरणार.”

“पुन्हा एकदा सांग,” तो कसाबसा म्हणाला.

तेवढ्यात मागून आई आली. डोळे लाल. मी भांडायच्या तयारीनेच वळले. ती तिगोरच्या चेहऱ्याकडे बघत राहिली, नेहमीसारखी, माणूस ओळखायला. बराच वेळ. मग तिने सुस्कारा सोडला.

“आत या,” ती म्हणाली. “चहात साखर किती घालू?”

आईने पाहुण्याला असं काही विचारलेलं मी जन्मात ऐकलं नव्हतं.