पाचाला एक्केचाळीस

लहरताऱ्याला जी.टी. रोडवर माझं वर्कशॉप आहे. काम एकच, ट्रकच्या एक्सलचं. इंजिन बिघडलं तर लोक दुसरीकडे जातात; भरलेला ट्रक चढावर दम टाकायला लागला की माझ्याकडे येतात. मी तीन गोष्टी विचारतो. वजन किती, जमीन कशी, टायर कोणते. याची खरी उत्तरं मिळाली, तर एक्सलमध्ये कोणती दातांची जोडी बसवायची हे मी दहा मिनिटांत कागदावर मांडून देतो. एकोणीस वर्षांत माझा आकडा चुकल्याचं उदाहरण नाही. आता जे सांगणार आहे, त्यातही तो चुकला नव्हता.

चौऱ्याण्णवच्या मार्चमध्ये माझी धाकटी बहीण नीरजा वर्कशॉपवर आली. ती सिव्हिल इंजिनिअर. आमच्या शहरात नदीकाठी, पंचगंगा घाटाच्या थोडं वरच्या अंगाला एक लहान, जुना घाट आहे. तिथल्या खचलेल्या पायऱ्या काढून नव्या बसवायचं काम तिला एका खासगी ट्रस्टने दिलं होतं. गल्ल्यांतून तिथे सायकलही धड जात नाही. म्हणून चुनारचा नवा दगड रामनगरकडून ट्रकने नदीपलीकडच्या रेतीवर यायचा आणि नावेने घाटावर जायचा. उखडलेल्या जुन्या पायऱ्या तशाच उलट वाटेने रामनगरच्या आवारात जायच्या. पाण्यापासून पक्क्या रस्त्यापर्यंत दोन किलोमीटर नुसती रेती.

ट्रक लष्कराच्या लिलावातला होता, चारही चाकांना ओढ असलेला. तरी पंधरा दिवसांत दोनदा क्लच जळला होता.

"दादा, पाऊस लागायच्या आत काम संपलं नाही तर अर्धा घाट उघडा राहील," नीरजा म्हणाली. "पहिल्याच पुरात वरची घरं खाली येतील. सात कुटुंबं आहेत तिथे."

मी दुसऱ्या दिवशी रेतीवर गेलो. ड्रायव्हर काशीनाथ साठीचा, फौजेत वीस वर्षं असेच ट्रक चालवलेला, कमी बोलणारा माणूस. त्याच्या हातात दोष नव्हता. टायरची हवाही रेतीसाठी हवी तितकीच कमी केलेली. ट्रक पाच टनांचा, दगड पाच टन. मागच्या-पुढच्या दोन्ही एक्सलमध्ये साताला त्रेचाळीस दातांची जोडी होती; म्हणजे शाफ्ट सहा वेळा आणि वर थोडा फिरला की चाक एकदा फिरतं. हा आकडा वाढवला की ओढ वाढते आणि वेग कमी होतो. दहा टनांना रेतीत सहाला एक्केचाळीस पुरे होतं. मी एक पायरी वर जाऊन सहाला त्रेचाळीस बसवलं. दोन्ही एक्सलमध्ये अर्थातच, नाहीतर पुढची चाकं आणि मागची चाकं एकमेकांशीच भांडत बसतात.

ट्रक रेतीवर परत आला, तेव्हा मी स्वतः हजर होतो. नव्या दगडाची खेप तो हसत हसत घेऊन आला. मग त्यात जुन्या पायऱ्या चढवल्या, मधोमध झिजून पसरट वाटीसारख्या झालेल्या, कडा हिरवट. काशीनाथने सर्वांत खालचा गिअर टाकला. इंजिन ओरडलं, चाकं रुतली, ट्रक इंचाइंचाने निघाला.

मी आधी चढाचा विचार केला. पाण्याकडून रस्त्याकडे जाताना थोडा चढ आहेच. म्हणून तितकाच नवा दगड भरून त्याच दिशेने ट्रक नेला. आरामात गेला. मग ट्रक तोलायच्या धर्मकांट्यावर दोन्ही खेपा तोलल्या. नवा दगड, ट्रकसकट दहा टन ऐंशी किलो. जुन्या पायऱ्या, दहा टन शंभर. फरक वीस किलोंचा.

मी स्टीलची पट्टी घेऊन चाकोऱ्या मोजल्या. नव्या दगडाची चाकोरी चार बोटं खोल होती, जुन्या पायऱ्यांची एक वीत.

अर्ध्या वाटेवर नाव चालवणाऱ्या मल्लाहांनी खुणेसाठी रोवलेला एक बांबू होता. जुन्या पायऱ्या भरलेल्या असल्या की काशीनाथ दर वेळी तिथे ट्रक थांबवायचा. मागचा फाळका खाली पाडायचा, वीस पावलं दूर जाऊन ट्रककडे पाठ करायचा आणि बिडी ओढायचा. बिडी संपली की फाळका लावून निघायचा. तिथून पुढे ट्रक सरळ जायचा. नीरजाला वाटायचं तो क्लच थंड करतोय. मलाही आधी तेच वाटलं होतं.

पुढच्या खेपेला मी ट्रकच्या मागे उभा राहिलो. मागच्या चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे वजनाने सपाट झाले होते. काशीनाथने फाळका पाडला आणि तो लांब गेला. रेतीवर ऊन होतं, वारा पडलेला. पलीकडच्या घाटांवरचे आवाज पाण्यावरून पुसट येत होते.

पाटे उचलले जाऊ लागले.

एकदम नाही. बसस्टँडवर बसमधून माणसं उतरताना बस वर उचलली जाते ना, तसे. थोडं वर, थांबून परत थोडं. मी पट्टी लावून धरली होती. सव्वादोन इंच. दगड मोजले, एकवीस होते आणि एकवीसच राहिले.

मी घाबरलो नाही. खरं सांगायचं तर मला राग आला होता. आपल्या समोर यंत्र काहीतरी करतं आणि ते आपल्याला मांडता येत नाही, हे मला सहन होत नाही. मी काशीनाथला विचारलं. त्याने बिडीचं थोटूक रेतीत दाबलं.

"यहीं तक का साथ है, बाबूजी. यहाँ उतर जाते हैं."

कोण उतरतं, ते न विचारता मी पट्टी उचलून ट्रककडे वळलो.

मी विचार वेगळ्या बाजूने केला. रेतीत भरलेला ट्रक थांबवणं हीच मुळात चूक. चालता ट्रक चालत राहतो. थांबलेला हलवताना क्लच जळतो. शिवाय दर खेपेला त्या बांबूपाशी वेळ जात होता, आणि मे महिना लागला होता. काट्यावरचं वजन बाजूला ठेवायचं आणि चाकोरीची खोली धरून उलटा हिशेब करायचा, असं मी ठरवलं. वजन सोळा टन निघालं. सोळा टनांना रेतीत न थांबता ओढायचं, तर पाचाला एक्केचाळीस. शाफ्ट आठ वेळा फिरणार तेव्हा कुठे चाक एकदा फिरणार. एक जोडी माझ्याकडे एका मोडीतल्या डंपरची होती, दुसरी कानपूरहून आणवली. दोन्ही स्वतः बसवल्या. दातावर दात कसा बसतो ते निळा रंग लावून तपासलं. इतकं नेटकं काम मी फार थोड्या वेळा केलं आहे.

पहिली खेप निघायच्या आधी काशीनाथला सांगितलं की आता बांबूपाशी थांबायचं कारण नाही, ट्रक सगळं ओढेल.

"सब खींच लेगा?" त्याने विचारलं.

"सगळं."

त्याने किल्ली माझ्या हातात ठेवली, पायताणं हातात घेतली आणि रेतीतून रामनगरकडे चालत गेला. तो परत कामावर आला नाही.

स्टिअरिंगवर मी बसलो. नीरजा नावेपाशी उभी राहून बघत होती. सकाळचे अकरा वाजले असतील. ट्रक निघाला आणि माझा ऊर भरून आला. ओरडणं नाही, हिसका नाही. हत्ती चालावा तसा तो जड, ठाम चालला होता. मागून नीरजाने टाळी वाजवल्याचं ऐकू आलं.

बांबू जवळ आला.

मी पाय काढला नाही. इंजिनाचा आवाज जरा खाली गेला, पण तुटला नाही.

बांबू मागे पडला.

केबिनमध्ये ओल्या कपड्यांचा वास यायला लागला. नुकत्याच पिळलेल्या धोतरांचा, लुगड्यांचा. खिडक्यांतून कोरडी, गरम हवा येत होती आणि वास मात्र ओला होता.

मागे कुणी बोलत नव्हतं. ते न बोलणं मला जाणवत होतं.

मी रस्त्याला लागलो.

काट्यावर दहा टन नव्वद किलो भरले. आवारात मजुरांनी चेनपुलीने एकेक पायरी उतरवली. ट्रक पूर्ण रिकामा झाल्यावर मी वाकून पाहिलं. पाटे तसेच सपाट होते.

नवी जोडी बसवली की पहिल्या खेपेनंतर एक्सलचं तेल काढून बघायचं, हा माझा नियम. मी ट्रक तसाच राजघाटच्या पुलावरून लहरताऱ्याला आणला. रिकामा ट्रक, सपाट डांबरी रस्ता, तरी पुलाच्या चढाला मला खालचा गिअर टाकावा लागला. वर्कशॉपच्या आवारात उभा केला, मागचा फाळका पाडला आणि चहा प्यायला आत गेलो. फाळका का पाडला, हे मला आजही सांगता येणार नाही. तेल तपासायला त्याची गरज नसते.

परत आलो तेव्हा पाटे वर आले होते, रिकाम्या ट्रकचे असतात तसे. तेलात लोखंडाचा कणही नव्हता. दात आरशासारखे. मी समाधानाने हात धुतले.

नीरजाचं काम जूनच्या पहिल्या आठवड्यात पुरं झालं. त्या ट्रकने पुढे साठ-एक खेपा केल्या, एकदाही न रुतता. नवा ड्रायव्हर बांबूपाशी थांबत असे, मीच त्याला तशी ताकीद दिली होती. सात घरं शाबूत राहिली. ती जोडी अजूनही माझ्या कामाचा नमुना म्हणून मी लोकांना सांगतो.

पण त्या पहिल्या दिवसाबद्दल अजून थोडं राहिलं आहे. माझी स्कूटर रामनगरलाच राहिली होती, म्हणून पाचच्या सुमारास मी घरी जायला वर्कशॉपसमोरून सायकलरिक्षा केली. महमूरगंजपर्यंतचा रस्ता सपाट आहे. रिक्षावाला मजबूत होता, पण दहा-बारा पॅडल मारून तो सीटवरून उठला आणि उभ्याने पॅडल दाबू लागला. मग तेही जमेना, तेव्हा खाली उतरून हँडल धरून ओढू लागला. त्याचा गंजीफ्रॉक पाठीला चिकटला होता. मी चाकात हवा आहे का विचारलं. आहे, म्हणाला. त्याने एकदाही मागे पाहिलं नाही.

घराच्या फाटकाशी मी उतरलो आणि पैसे त्याच्या हातात दिले. आतून माझ्या बायकोने, लीलाने, कडी काढली. मी पायरी चढून वळून पाहिलं, तर रिक्षावाला गेलेला नव्हता. एका हाताने ब्रेक घट्ट धरून, मान खाली घालून तो तसाच उभा होता, सवारी पुरती उतरेपर्यंत थांबतात तसा. बराच वेळ थांबला. मग ब्रेक सोडला आणि एका बोटाने रिक्षा वळवून निघून गेला.

"या, या," लीला दार पूर्ण उघडत म्हणाली, "किती जणांचा चहा टाकू?"