शेऱ्याचा रकाना

उत्तरा रोपवाटिकेच्या फाटकातून आत आली, तेव्हा एक उंच, सावळा तरुण ओल्या फडक्यानं तिनं तिथे वाढवायला ठेवलेल्या भेंडीची पानं पुसत होता. अगदी मायेनं... पोराचं नाक पुसावं तसं.

"अहो, थांबा! माझे ठिपके —"

"तेच काढतोय. कीड लागली होती. झकास झाली ना आता?"

गिऱ्हाइकांसाठी पानं चमकवणं हे विक्रोळीच्या त्या रोपवाटिकेत भीमराजचं रोजचं काम. आणि ते ठिपके म्हणजे उत्तराचा एम.एस्सी.चा प्रबंध! कोवळ्या पानावर शाईचे ठिपके द्यायचे, रोज त्यांच्यातलं अंतर मोजायचं. जिथे ठिपके पांगतील तिथे पान वाढतंय. एका जातीच्या भेंडीचं पान अखंड, दुसरीचं बोटांसारखं चिरलेलं. कुठे वाढायचं, कुठे थांबायचं, हे जनुकं कशी ठरवतात ते तिला दाखवायचं होतं. महिन्याभरात मोजमापांची वही सरांपुढे ठेवायची होती.

"वाट लागली माझी..." ती पालथ्या कुंडीवर मटकन बसली.

"नवी पानं फुटलीयत की. द्या ठिपके. राखण माझी." त्यानं फडकं खिशात कोंबलं. "आणि हे इथेच राहील."

चुकलेला माणूस निदान तीन सबबी सांगतो, असा उत्तराचा अनुभव. यानं एकही सांगितली नाही. तिनं मनात नोंद केली.

मग ती रोज संध्याकाळी येऊ लागली. वही तिथल्याच फळीवर असे. तारीख, पान, अंतर, शेरा.

"टोकाकडचे ठिपके थांबले," एकदा तो म्हणाला. "देठाकडचे अजून पळतायत."

"तुम्हाला काय माहीत?"

"तुमच्या आधी मी मोजतो. तुम्ही चुकत नाही ना, बघायला."

"आगाऊच आहात!"

"तुमच्याकडूनच शिकलो."

एकोणिसाव्या दिवशी ती तापानं फणफणली. एक दिवस चुकला की सगळी ओळच तुटणार! दुसऱ्या दिवशी घाटकोपरहून धावतपळत आली, वही उघडली... कालचे सगळे आकडे जागच्या जागी. अक्षर भीमराजचं. आणि शेऱ्यात —

'दोन्ही भेंड्या ठीक. उत्तरा आल्या नाहीत. मोजणाऱ्याचं लक्ष फाटकाकडे.'

"अहो, ही वही सर बघणार आहेत!"

"खोडा मग," तो कुंडीशी बोलल्यासारखा बोलला.

तिनं पेन उघडलं. पण तिनं खोडलं काहीच नाही. खाली एक ओळ लिहिली आणि वही त्याच्यापुढे धरली.

'नोंद खरी. घरी तापात पडलेलीचं लक्षही इथेच होतं.'

"सरांनी विचारलं तर?" त्यानं वहीवरून मान वर केली.

"त्यांना सांगेन, 'सर, नोंद खोडायची नसते, असं तुम्हीच शिकवलंत.' आणि हे अहोजाहो आता पुरे हं... चल, आजची पानं मोजू."

भीमराजनं खिशातलं फडकं काढलं... आणि पानांऐवजी स्वतःचं कपाळ पुसलं.