ढब्बूला उपाशी का ठेवायचं?

आजारी कुत्र्याला जास्त खाऊ घालायचं, की त्याचा वाडगाच उचलून ठेवायचा? नीरजाला हा न्याय काही पटेना. ढब्बू सकाळपासून उपाशी होता. त्याच्या मानेतली कर्करोगाची गाठ काढून झाली होती. रोग आणखी कुठे पसरलाय का, हे आज दुपारी तज्ज्ञ डॉक्टरीणबाई बघणार होत्या. शेजारच्या काकू म्हणाल्या, कुत्र्यासाठी एवढं कशाला? असल्यांना उत्तर देत बसू नये. नीरजाने दार लावून घेतलं.

दवाखान्याने तयारीसाठी चिकू नावाचा यंत्रमानव पाठवला होता. नीरजाने त्यालाच फैलावर घेतलं. चिकू शांतपणे सांगू लागला. शरीर पेशींचं (डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवंत विटांचं) बनलेलं असतं. प्रत्येक पेशीला साखर लागते. कर्करोगाच्या पेशी थांबायचं विसरतात, वाढतच सुटतात, म्हणून त्यातल्या बऱ्याचशा भलत्याच हावरट असतात. दवाखान्यात ढब्बूला खुणेची साखर (किंचित किरण सोडणारी) टोचतील. ती जिथे जास्त जाईल, तिथे यंत्राने काढलेल्या शरीराच्या चित्रात उजेड दिसेल.

"पण पोट भरलेलं असलं, तर स्नायूसुद्धा साखर ओढायला लागतात," चिकू म्हणाला. "मग सगळीकडेच धूसर उजेड. चोर गर्दीत लपतो. ढब्बूला पळवायचंही नाही, पळाल्यानेही स्नायू साखर ओढतात. पाणी मात्र चालेल."

चिकू गाडीत गादी अंथरायला गेला. ढब्बू मिशा चाटत आजोबांच्या खुर्चीखालून बाहेर आला. आजोबा म्हणजे भौतिकशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक.

"आजोबा, हात दाखवा."

बोटांना गूळ-तूप लागलं होतं.

"एवढीशी पोळी दिली गं."

"तुम्हाला तर हे सगळं माहीत होतं."

"माहीत असणं वेगळं. तो माझ्याकडे बघत होता."

आजोबांनी अजिजीने सुचवलं, चिकूला सांगू नकोस, आजची वेळ जाईल. नीरजालाही वाट बघणं नको झालं होतं. पण चोर लपला आणि सगळे आनंदाने घरी आले तर? ती सरळ गाडीपाशी गेली आणि तिने सांगून टाकलं. चिकूने दवाखान्याशी बोलून उद्या सकाळची वेळ घेतली.

नीरजा ढब्बूला मिठी मारून बसली. "आजोबा, पसरलं असलं तर?"

"माहीत नाही," आजोबा म्हणाले. खोटा धीर देण्याची सवय त्यांना नव्हती. "पण कुठे आहे ते कळलं, तर औषध त्याच्या मागे धाडता येतं. न कळलेल्याशी लढणार कसं?"

चिकूने आणखी एक गोष्ट आधीच सांगून ठेवली. चित्रात डोकंही चमकेल, त्याला घाबरायचं नाही. मेंदूला कायमच भरपूर साखर लागते. प्रत्येक उजेड म्हणजे रोग नव्हे.

नीरजाने ढब्बूचं डोकं खाजवलं. तो जीभ काढून छताकडे बघत होता.

"म्हणजे ह्याला मेंदू आहे," ती म्हणाली, "हे उद्या एकदाचं सिद्ध होईल."